मायच्या आवाजात प्लॉटची जाहिरात

पाचोड,
१८ मार्च २०२४

रामेश्वर,

वर सवयीने 'चिरंजीव' लिहिलं होतं, ते खोडलं आहे. नवा कागद घेतला नाही. खोडलेलं तुला दिसावं म्हणूनच.

कागदावर लिहायची वेळ आली, कारण तू माझा नंबर ब्लॉक केलास. ईमेल तुझ्या कचऱ्याच्या डब्यात जाऊन पडतो. दुसऱ्याच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकताच "आक्का, साइटवर आहे, नंतर करतो" म्हणून ठेवून देतोस. कागदाचं बरं असतं, तो फाडायचा तरी आधी हातात घ्यावा लागतो.

तर वाच. परवा बाजाराच्या दिवशी केसरबाई माझ्या ऑनलाइन फॉर्मच्या सेंटरवर आली. तीच, जिचा वाडा दरवर्षी दिवाळीनंतर आपल्या वाड्याशेजारी उतरायचा. तुझ्या ब्रोशरमधला 'रॉयल वाडा' नव्हे. मेंढरं, घोडं, कोंबड्या आणि लेकरंबाळं घेऊन रानोमाळ फिरतो तो आपला वाडा. विसरला असशील म्हणून सांगितलं. सेंटरमध्ये पोरंपोरी फॉर्म भरायला बसलेली आणि ही दारातूनच ओरडली, "का गं रत्ने, तुझी माय कवापासून पलाट इकाया लागली?"

मला वाटलं, उन्हाने हिचं डोकं फिरलं. तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन वाजला. तिने तो उचलून थेट माझ्या कानाला लावला. आधी मायची हाळी. तीच, जीभ टाळ्याला लावून काढलेली टकटक आणि मग लांबवलेलं 'हिर्रर्र हो'. हाळी संपते न संपते तोच एक पोरगी साखर घोळवून बोलायला लागली, "नमस्कार! विमानतळापासून अवघ्या दहा मिनिटांवर, चिकलठाण्याजवळ एनए प्लॉट! आजच बुकिंग करा!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळी पोरं माझ्याकडे बघत होती आणि केसरबाई म्हणत होती, "दिसातून दोनदा येतंय हे. शेजारच्या वाड्यावर बी तेच. मंग दुसरे बी फोन येतेत, कर्ज घ्या म्हनत्यात, लाटरी लागली म्हनत्यात. आमचा लंबर त्यायला कुनी देला?"

कुणी दिला ते तुला आणि मला ठाऊक आहे. मायची ती हाळी फक्त माझ्या कॉम्प्युटरवर होती. संक्रांतीला तू आलास, "आक्का, तुझं ते फुकटचं सॉफ्टवेअर बघू तरी" म्हणालास, पेनड्राइव्ह लावलास. मी चहा ठेवायला उठले. साखर जरा जास्त टाक, असंही म्हणालास. चहा होईपर्यंत तू हाळीही नेलीस आणि सगळ्या वाड्यांच्या नंबरांची यादीही नेलीस.

कॉम्प्युटर तुझ्याच ऑफिसने टाकून दिलेला, तूच आणून दिलास, हे मला मान्य आहे. उद्या एसटीने परत पाठवते म्हटलं तर पाठवू शकते. पण त्यातली माणसं तुझी नव्हती.

यंदा पाऊस कसा गेला ते शहरात बसून तुला कळत नसेल, तुमच्या स्कीममध्ये स्विमिंग पूल आहे म्हणे. इथे मार्चमध्येच टँकर फिरतायत. कुठल्या ओढ्यात डबकं शिल्लक आहे, कुठला शेतकरी रानात मेंढरं बसवू देतोय, कुठे गाववाले दगड घेऊन उभे आहेत, हे एका वाड्याला कळलं की त्यांनी मला मिस्ड कॉल द्यायचा. मी उलटा फोन करून विचारायचं, माय ते तिच्या शब्दांत बोलायची आणि तो प्रोग्राम एकाच वेळी सगळ्या वाड्यांना फोन लावायचा. निम्म्या बायांना वाचता येत नाही, म्हणून मेसेज नाही, आवाज. आणि परका नंबर कुणी उचलून ऐकत नाही, म्हणून सुरुवातीला मायची हाळी. टेकडीपलीकडून हाळी ऐकून वाडा कुणाचा ते सांगणारी माणसं आपण. दुसऱ्याच्या हाळीने मेंढरं वळवणाऱ्याला आज्याच्या काळात चोर म्हणून पंचांपुढे उभं करायचे. हाळी खोटी असू शकते, हे आपल्यात कुणाच्या डोक्यातच येत नाही. तू नेमकं तेच विकायला काढलंस.

ते फोन आजच्या आज बंद कर. यादी जिथे टाकली असशील तिथून काढ. उन्हाळा अजून पुढे आहे आणि लोकांनी मायचं ऐकणं सोडलं तर मेंढरं पाण्यावाचून मरतील.

मायला यातलं काही सांगितलेलं नाही.

रत्नमाला

पाचोड,
९ एप्रिल २०२४

रामेश्वर,

तुझं उत्तर मिळालं. कंपनीच्या कागदावर, वर विमानाचं चित्र. बहिणीला लिहितानाही खाली 'अटी व शर्ती लागू' छापलेलं आहे, ते बघून क्षणभर हसूच आलं. मग पुढचं वाचलं.

तू लिहितोस, ते सॉफ्टवेअर मोफत आहे, कुणीही घ्यावं, वापरावं, बदलावं असं त्याच्या परवान्यातच लिहिलंय, मग माझं काय चुकलं? लिहिलंय, बरोबर आहे. दूरच्या कुठल्या समुद्रकाठी एका माणसाने कोळ्यांसाठी तो प्रोग्राम बनवला, वादळाची खबर होड्यांना कळावी म्हणून. त्याचं नाव कुणाला माहीत नाही, कुठे जाहिरात नाही. अशा फुकट गोष्टींची देवघेव करणाऱ्या लोकांचा एक कट्टा आहे इंटरनेटवर, तिथे मला तो सापडला. मी त्याची सगळी बटणं मराठीत केली आणि परत तिथेच ठेवली, कुणाला लागला तर घ्यावा म्हणून. प्रोग्राम मोकळा आहे रे. केसरबाईचा नंबर मोकळा नाही. तो तिने मायच्या तोंडाकडे बघून दिला होता.

त्याच कट्ट्यावर पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मी खाली माझा नंबर आणि ईमेल ठसठशीत टाकला होता. तासाभरात एका जुन्या माणसाने मला झापलं. असं उघड्यावर टाकू नका, यंत्रं फिरत असतात, दाणे टिपावेत तसे पत्ते टिपून नेतात आणि मग जन्मभर कचरा येत राहतो. स्वतःचा नको आणि दुसऱ्याचा तर त्याला विचारल्याशिवाय नकोच. मी लगेच काढलं. एका अनोळखी माणसाला माझी जेवढी काळजी वाटली तेवढी तुला मायची वाटली नाही. तू अख्खी यादी एजंट लोकांच्या पानावर टाकलीस, वर नाव काय दिलंस तर 'ग्रामीण ग्राहक, खात्रीशीर'. मी शोधून काढलं ते पान. तुझा हसरा फोटो आहे तिथे, टाय लावलेला.

आणि एक. प्रत्येक फोनच्या शेवटी 'हे फोन नको असतील तर एक दाबा' असं होतं. एक दाबलं की नंबर यादीतून आपोआप निघायचा. ज्याने तो प्रोग्राम बनवला त्याने पहिल्या दिवसापासून ते त्यात ठेवलेलं. तुझ्या जाहिरातीत ते नाही. म्हणजे तू ते हाताने काढलंस. चुकून झालं, असं पुन्हा लिहू नकोस.

तू पुढे लिहितोस, 'मेंढरामागे किती पिढ्या घालवायच्या, त्यांनी प्लॉट घेतला तर त्यांचं कल्याणच आहे.' त्यांच्या कल्याणाची एवढी तळमळ होती तर बुलेटवरून वाड्यावर जायचं, घोंगडीवर बसायचं आणि तुझ्या तोंडाने सांगायचं. मायच्या आवाजामागे कशाला लपलास? मीच सांगते. तुझ्या तोंडाने सांगितलं असतंस तर वाड्यावरच्या तात्याने चार प्रश्न विचारले असते आणि एकाचंही उत्तर तुला देता आलं नसतं.

यादी काढली म्हणतोस. काढलीस, मी पाहिलं. पण आता ती आणखी तीन ठिकाणी दिसते. सांडलेलं कुठून भरणार?

मोठे फोन ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या पोरांनी वैतागून तक्रारीची बटणं दाबली. तुमचे नंबर आणि माझा नंबर, हाळीने सुरू होणारे सगळे एकाच माळेत ओवले. आता मी फोन लावला की समोर लाल अक्षरात 'स्पॅम' येतं. गेल्या आठवड्यात एका पोरीच्या बापाला तिचा दाखला आलाय म्हणून कळवायला फोन केला, त्याने शिव्या घालून ठेवला. ह्या शिव्या तुझ्या होत्या, मी ऐकल्या.

मायला कळलं. बाजारात तिला कुणीतरी विचारलं, "बानाबाई, पलाटात कमिशन किती?" घरी येऊन तिने मला विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "लेकरू हाय. साहेबानं करायला लावलं आसंल." मी तिच्यावर ओरडले. तुझ्यामुळे मी तिच्यावरही ओरडायला लागले आहे.

रत्नमाला

पाचोड,
८ मे २०२४

रामेश्वर,

तात्याची मेंढरं मेली.

मल्हारीतात्याची. आपल्या बापामागे ज्याने तुला बारावीपर्यंत खांद्यावर वागवला, त्याची. मायची जी थोडी मेंढरं त्याच्याकडे होती तीही त्यातच गेली.

शहराच्या अंगाला एक जुनी खडीची खाण आहे, तिच्यात खोलवर पाणी साचलेलं. आसपास नवी बांधकामं, रस्ते, पत्र्यांची कुंपणं. कुणीतरी तिथे रसायनांचे डबे ओतले. कुणी ते कळलेलं नाही, कळणारही नाही. केसरबाईने पाण्यावर फेस बघितला, काठाला मेलेली कुत्री बघितली आणि मला मिस्ड कॉल दिला. माय लगेच बोलली. मी लगेच लावलं. "खाणीचं पानी इखारी हाय, जनावर तिकडं नेऊ नगा." एवढंच. साध्या, स्वच्छ शब्दांत. सकाळची वेळ होती, तात्याचा वाडा तिकडेच निघालेला होता.

कुणी किती वेळ ऐकलं ते प्रोग्राम दाखवतो. तात्याच्या नंबरासमोर हाळीपुरताच वेळ होता. तेवढंही नाही, अर्धी हाळी.

मी पुन्हा लावला. पुन्हा कापला. तिसऱ्यांदा फोन बंद. मग मी स्वतः केसरबाईला लावला, तिने उचलला आणि नवऱ्याला तिकडे पिटाळला, पण तो पोचेपर्यंत मेंढरं पाणी पिऊन काठाला बसायला लागली होती. मेंढरू असं बसलं की पुन्हा उठत नाही, तुला आठवत असेल. तात्याची चंपाकाकू एकेका मेंढीचं तोंड मांडीवर घेऊन ताक पाजत होती. किती वाचली ते विचारू नकोस.

संध्याकाळी मी आणि माय तिथे गेलो.  तात्या मायकडे बघून एवढंच म्हणाला, "वहिनी, तुमचा आवाज आला न् म्या कापला. पुन्यांदा पलाट आला म्हनलं."

माय तिथेच खाली बसली. रडली नाही. त्या दिवसापासून तिने हाळी दिलेली नाही. घरच्या दोन शेळ्या आहेत ना, त्यांनाही ती जवळ जाऊन हाताने वळवते. शेळ्या गोंधळून तिच्या तोंडाकडे बघत उभ्या राहतात. मला ते बघवत नाही.

तुझ्या मागच्या पत्रात तू लिहिलंस की ते फोन तर केव्हाच बंद केलेत, आता विषय संपव. विषय तिथे खाणीच्या काठावर पडलाय, येऊन बघ. वास येतो.

मला तुझी नुकसानभरपाई नको. तात्यालाही नको, त्याच्या अंगावर फेकशील तर तो परत फेकेल. तू एक कर. तुझ्या स्वतःच्या आवाजात बोल. मी रामेश्वर, बानाबाईचा मुलगा, तिचा आवाज चोरून प्लॉट विकायला लावला तो मी, त्यात तिचा दोष नाही, इथून पुढे तिचं ऐका. आणि मला पाठव. मी ते सगळ्या वाड्यांना लावते. अजून पावसाला अवकाश आहे आणि कुठल्या पाण्यात काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. दुसरा वाडा मरायच्या आत पाठव.

रत्नमाला

पाचोड,
२१ मे २०२४

रामेश्वर,

तुझी फाइल आली. एवढे दिवस लागले तुला एक मिनिट बोलायला.

ऐकली. नोकरी गेली तरी चालेल असं म्हणून तू कंपनीचं नावही घेतलंस, त्याची मला अपेक्षा नव्हती. तेवढ्यावरून मी मवाळ झाले असं समजू नकोस. उद्या सकाळी, वाडे हलायच्या आधी लावते. मायला म्हटलं तू ऐकतेस का आधी, तर म्हणाली, समद्यायला येईल तवा मला बी येईल.

रत्नमाला

पाचोड,
२९ मे २०२४

रामेश्वर,

तुझी माफी एकाही वाड्याने ऐकलेली नाही.

ठरल्याप्रमाणे २२ तारखेला सकाळी लावली. मी पडद्यासमोर बसून होते. एकेक नंबर लागत होता, उचलला जात होता आणि कापला जात होता. सगळ्या वाड्यांनी तिथेच कापला, जिथे तू हाळी दिलीस. कुणी सांगितलं होतं तुला हाळी द्यायला? मी सांगितलं नव्हतं, आणि आधी ऐकताना माझ्याही ध्यानात आलं नाही. तुला वाटलं असेल, आपल्या घरची हाळी ऐकली की लोक थांबतील, बानाबाईचा लेक बोलतोय हे ओळखतील. ओळखलंच. ओळखलं म्हणूनच कापलं. तू 'मी रामेश्वर' म्हणायच्या आत सगळ्यांचं कापून झालं होतं.

मी फाइलमधली हाळी कापून, नुसतं तुझं बोलणं ठेवून दुपारी पुन्हा लावली. तेव्हा निम्म्यांनी उचललाच नाही, बाकीच्यांनी 'नमस्कार' ऐकून ठेवला. आता नमस्कार म्हणणाराही त्यांना विकायलाच आलेला वाटतो. माझ्या नंबरवरून, तुझ्या आवाजात, खऱ्या गोष्टीची किंमत तेवढीच उरली आहे. केसरबाईला मी समोर बसवून ऐकवायला निघाले तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे माय, त्या डब्यातलं मला आता काय बी ऐकू नगं."

शेवटपर्यंत ऐकणारी एकच निघाली. माय. तिचा नंबर यादीत पहिला आहे. चुलीपुढे बसली होती, फोन दोन्ही हातांनी कानाला धरला होता, संपल्यावरही तसाच धरून बसली. मी विचारलं, काय गं? तर म्हणाली, "आवाज बसलाय त्याचा. येळंवर जेवतो का नाय?"

मला इतका संताप आला की मी तशीच उठून बाहेर गेले. मेंढरं गेली, तिचा आवाज गेला, लोक तिला बाजारात हसले, आणि तिला तुझं जेवण दिसतंय. माझ्या जेवणाचं ती कधी विचारत नाही रे. मी समोर असते म्हणून असेल.

परत आले तर ती गाठोडं बांधत होती. म्हणाली, "आता फोनचं काम नाय ऱ्हायलं. ज्याच्या दारात लंबर मागितला त्याच्याच दारात जाऊन सांगावं लागतंय." सोमवारी ती तात्याबरोबर निघणार आहे. एकेका वाड्यावर पायी जाणार. तिथे बसणार, चहा पिणार, पुन्हा एकदा तोंडाने सांगणार की नंबर मी मागितला होता आणि मी विकला नाही. आणि जाईल तिथे कुठल्या पाण्यावर जायचं नाही तेही सांगणार. तिचे गुडघे तुला माहीत आहेत. डॉक्टरने तिला जिना चढू नको म्हणून सांगितलंय आणि बाहेर ऊन असं आहे की दुपारी कावळासुद्धा दिसत नाही. मी अडवलं, भांडले, गाठोडं सोडून टाकलं. तिने पुन्हा बांधलं. तात्याही तिला म्हणाला, "वहिनी, तुम्ही कामून? चूक तुमची नाय." तिने गाठोड्याची गाठ आणखी आवळली.

मी तो प्रोग्राम बंद केलेला नाही. रोज चालू करते, नंबर बघते, बंद करते. ती परत आल्यावर किती जण ऐकतील ते कळेल. नाही ऐकलं तर पुढच्या वर्षी अशाच उन्हाळ्यात सगळे आपापल्या नशिबाने पाणी शोधतील, जसे पूर्वी शोधायचे. फरक इतकाच की पूर्वी हाळी तरी खरी होती.

तुला आता काही पाठवायला सांगत नाही. फाइल नको, कागद नको. सोमवारी सकाळी ये. शहरातल्या तुझ्या उस्मानपुऱ्यातून पाचोड काही परदेश नाही. मायला ओझं घेऊन चालावं लागू नये, एवढ्याचसाठी बोलावतेय, मी तुला माफ केलंय असं समजून येऊ नकोस. केलेलं नाही. गाठोडं तू उचल आणि बोलायचंही तूच, माय नाही. ती तुझी बाजू घ्यायला लागली तर तिला गप्प कर.

बुलेट आणू नकोस. आणि वाडा दिसला की लांबून हाळी देऊ नकोस. कुत्री अंगावर येतील, येऊ दे. चालत जवळ जा, चपला काढ आणि तुझं नाव सांग.

त्यावर ते घोंगडीवर 'बस' म्हणतील की नाही, मला माहीत नाही.

रत्नमाला